वसंताच्या तोंडावर छोट्या ओढ्यातला ट्राउट: माशी नेमकी कुठे शिंकतेय?

ओढेकरी

मंडळी, बरीच वर्षं रोमात (नुसताच वाचत) आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

ट्राउटचा हंगाम उघडून तीन आठवडे झाले. तीन रविवार ओढ्यावर गेलो आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आलो. ओढा म्हणजे खरंच ओढा, नदी नव्हे. रुंदी कुठे आठ फूट, कुठे बारा. बहुतेक ठिकाणी गुडघ्याएवढं पाणी, मध्येमध्ये कमरेएवढे डोह. पाणी इतकं निवळ की तळचे खडे मोजावेत. मासे आहेत हे नक्की, कारण मागच्या उन्हाळ्यात याच पट्ट्यात एका सकाळी सहा ब्राउन ट्राउट धरून सोडले होते.

तेव्हा जे केलं तेच आत्ता करतोय. उजाडायच्या आत पोचतो, खळाळत्या पाण्यात माशी (किड्यासारखा दिसेल असा बांधलेला गळ) टाकतो, वरवर वाहू देतो. पेटीतल्या चौदा माश्या बदलून झाल्या, एकीकडेही कुणी ढुंकून बघितलं नाही. माझा प्रश्न साधा आहे: या दिवसांत कुठली माशी चालते? की माशीचा नाद सोडून सरळ गांडूळ लावू?

तिरकस

मासा धरायचा आणि माशी लावायची, म्हणजे माशी शिंकणारच की! (हलकेच घ्या.)

गांडूळप्रेमी

गांडूळ. पुढचा धागा.

पारा_चढला

चौदा माश्या बदलल्यात, पाण्याचं तापमान एकदा तरी मोजलंत का?

ओढेकरी

नाही. हात घातला तर बधिर होतो, एवढं सांगू शकतो.

पारा_चढला

मग माशीचा प्रश्न नंतर बघू.

ट्राउट थंड रक्ताचा. पाणी जेवढं थंड तेवढं त्याचं पोट सावकाश चालतं. ४ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली तो जवळपास संपावर असतो. तोंडासमोर आलेलं घेईल, त्यासाठी उठून मात्र जाणार नाही. ६-७ अंशांच्या पुढे हालचाल सुरू होते आणि १० ते १५ अंशांत तो तुमच्या उन्हाळ्यातल्या माशासारखा वागायला लागतो. आता तुम्ही पोचता केव्हा, तर पहाटे. रात्रभर गारठलेलं पाणी दिवसातलं सगळ्यात थंड असतं ते नेमकं त्याच वेळी. उन्हाळ्यात पहाट चांगली, कारण तेव्हा दुपारचं पाणी त्याला गरम होतं. आत्ता सगळं उलटं आहे. झोपा. अकराला निघा. बारा ते चार एवढाच तुमचा दिवस.

आणखी एक. साध्या थर्मामीटरला दोरी बांधा आणि वाहत्या पाण्यात, सावलीत, तळाजवळ दोन मिनिटं धरून मोजा. काठावरच्या उथळ, साचल्या पाण्यात मोजलंत तर आकडा फसवेल. आणि एकदा मोजून थांबू नका. ५ अंशांवरून ७ वर चढणारं पाणी मला ९ वरून ७ वर उतरणाऱ्या पाण्यापेक्षा नेहमी जास्त मासे देतं. आकडा सारखाच, पण पारा कुठे चाललाय ते महत्त्वाचं.

नुसतीच_वाचक

"झोपा, अकराला निघा" असा सल्ला देणारा छंद मला चालेल.

शेवाळलेला_धोंडा

पारा_चढला यांच्याशी बहुतांशी सहमत, पण "बारा ते चार" दगडावरची रेघ समजू नका. ओढ्याच्या उगमाकडे बर्फ असेल तर गणित फिरतं. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि ते गार पाणी काही तासांनी तुमच्यापर्यंत येतं. मी ज्या ओढ्यावर जातो तिथे साडेअकरा ते दीड उत्तम जातात. दोनच्या सुमारास पाणी बोटभर चढतं, किंचित दुधाळ होतं, पारा दीड-दोन अंशांनी उतरतो आणि कुणीतरी बटण दाबल्यासारखे मासे बंद. हवा मस्त उबदार, माणूस खुश, मासा गायब. नव्या माणसाला हे कोडं सुटत नाही, कारण तो हवेच्या उबेवर जातो.

उलट, जो ओढा झऱ्यांवर पोसलेला आहे तिथे जमिनीतून येणारं पाणी बाराही महिने जवळपास एकाच तापमानाचं असतं. अशा ठिकाणी आत्ता ते ओढ्याच्या पाण्यापेक्षा उबदार लागतं. काठाला एखाद्या जागी आत्ताच हिरवंगार शेवाळ किंवा पाणवनस्पती दिसली, आणि बाकी सगळं अजून तपकिरी असलं, तर तिथे झरा असण्याची शक्यता मोठी. त्याच्या खालचे वीस-तीस फूट सोडू नका.

अर्धा_अगस्ती

सोपं उत्तर: डोहाचा तळ. ४ अंशाला पाणी सगळ्यात जड, हे शाळेत शिकलोय. त्यामुळे थंडीत डोहाच्या तळाशी उबदार पाणी बसतं आणि मासे तिथे शेकत बसतात. जड शिसं लावा, तळाला पोचवा, काम फत्ते.

मृदगंधा

अर्धा_अगस्ती, निष्कर्ष बरोबर, कारण चूक. तो नियम तळ्याला लागू पडतो. वाहत्या ओढ्यात पाणी सतत घुसळलं जातं, त्यामुळे कमरेएवढ्या डोहात वर आणि खाली तापमान जवळपास सारखंच निघतं. मोजून बघा. (मत्स्यशास्त्र शिकलेय, म्हणून नाक खुपसतेय.)

मासे डोहात जातात ते उबेसाठी नाही, आरामासाठी. उन्हाळ्यात ते खळाळात उभे राहतात, कारण तिथे खाणंही भरपूर वाहून येतं आणि प्राणवायूही जास्त. पाणी थंड असलं की प्राणवायूची चिंता मिटते: ० अंशाला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशाला तो ९.१ वर येतो. म्हणजे आत्ता त्याला कुठेही बसून श्वास घेता येतो. मग ज्या पाण्यात पोहायला कमीत कमी कष्ट पडतात तिथे तो बसतो. मिळकत कमी असली की माणूस खर्च आवरतो, तसंच.

म्हणून नुसती खोली शोधू नका, संथपणा शोधा. डोहाची शेपटी (जिथे डोह उथळ होत संपतो), मोठ्या धोंड्यामागचा मऊ पट्टा, काठाखालची कपार, ओंडक्याच्या आडोशाला फिरणारं पाणी. दोन फूट खोल पण संथ जागा चार फूट खोल पण जोरदार जागेपेक्षा बरी.

अर्धा_अगस्ती

मान्य. शाळेची फी परत मागतो.

ओढेकरी

म्हणजे मी चुकीच्या वेळी, चुकीच्या पाण्यात, चुकीच्या थरात बदलून बदलून माश्या टाकत होतो. छान. पण मग खाली पोचायचं कसं? माझ्याकडे दोन-तीन निंफ (पाण्याखालच्या अळीसारख्या बांधलेल्या, बुडणाऱ्या माश्या) आहेत, पण आठ फुटी ओढ्यात त्या बुडेपर्यंत डोह संपतो.

रिकामी_टोपली

इथे माझा अनुभव चालेल, कारण तुमच्या जागी मी चार वर्षं होतो. (नाव बघा.)

माझी चूक अशी की मी माशी बदलायचो, वजन बदलत नव्हतो. आता उलटं करतो. एकच निंफ, फेझंट टेलसारखी साधी तपकिरी, पण तीन वजनांत बांधलेली. एकीला पितळी मणी, दुसरीला अडीच मिलिमीटरचा टंगस्टन, तिसरीला साडेतीनचा. टंगस्टनची घनता शिशापेक्षा सुमारे १.७ पट, त्यामुळे एवढासा मणीसुद्धा झपकन खाली जातो. डोह बदलला की वजन बदलायचं, तळ लागेपर्यंत. सात-आठ फेकींत एकदाही तळाला अडकली नाही तर ती वर तरंगतेय असं समजा.

दुसरं, दोरा. जाड दोऱ्याला पाणी धरतं आणि निंफ वर उचलली जाते. ५एक्स, म्हणजे ०.१५ मिलिमीटर, छोट्या ओढ्याला पुरतो. (११ मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ५एक्सचे सहा. हे कळलं तेव्हा उगाच फार आनंद झाला होता.)

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, पण लिहून सांगणं कठीण. पाणी तळाशी हळू वाहतं, पृष्ठभागावर जोरात, कारण तळाला घर्षण आहे. त्यामुळे पृष्ठभागावरचे बुडबुडे आणि तुमचा दोरा एकाच वेगाने जात असतील तर खालची अळी तळाच्या पाण्यापेक्षा पळतेय. गारठलेला मासा पळत्या अळीमागे जात नाही. दोऱ्याचा पाण्यातला भाग कमीत कमी ठेवा, गळाच्या काठीचं टोक उंच धरा, आणि दोरा बुडबुड्यांपेक्षा किंचित मागे रेंगाळला की समजा जमलं.

तिरकस

ओढ्यात भौतिकशास्त्र, डोहात रसायनशास्त्र. मासा कुठल्या विषयाला आहे?

गांडूळप्रेमी

पर्यायी विषयाला. गांडूळ.

आता जरा गंभीरपणे, कारण धागाकर्त्याने विचारलंय आणि माशीवाले उत्तर देणार नाहीत. वितळलेल्या बर्फाने किंवा पावसाने पाणी चढलं, गढूळ झालं, की गांडुळासारखं काही नाही. त्या पाण्यात काठ खचून गांडुळं खरंच वाहत येतात, म्हणजे मासा तेच खात असतो. लहान गांडूळ, लहान गळ, मधूनच एकदा टोचलेलं, दोन्ही टोकं मोकळी वळवळू द्यायची. गोळा करून लोंबकळवायचं नाही. वीतभर वर शिशाचा एक बारीक दाणा. फेकायचं प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि आपोआप घरंगळू द्यायचं. लोक गांडूळ टाकून काठी दगडाला टेकवतात आणि डुलकी काढतात. ते तळ्यात. ओढ्यात गांडूळही निंफसारखंच वाहवायचं असतं. तंत्र तेच, रिकामी_टोपली यांनी सांगितलेलं. माझ्याकडे फक्त वास जास्त.

बकध्यानी

गांडुळाला माझा तात्त्विक विरोध नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. आमिष मासा गिळतो, त्यामुळे गळ घशात किंवा कल्ल्यांत खोल जाण्याचं प्रमाण माशीपेक्षा खूप जास्त. सोडायचा मासा असेल तर हे वाईट. खोल गेलेला गळ उकरायला जाऊ नका, दोरा गळाजवळ कापा आणि मासा सोडा. गळ उकरून काढलेल्या माशांपेक्षा दोरा कापून सोडलेले मासे जगण्याची शक्यता जास्त असते. आणि अनेक पाण्यांवर आमिषाला मनाईच असते, काही ठिकाणी दातेरी (टोकाशी उलटा काटा असलेल्या) गळालाही. आधी आपल्या पाण्याचे नियम बघा.

पण माझा मूळ मुद्दा वेगळा आहे. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. तापमान, वजन, वेग, सगळं खरं. पण ओढेकरी, तुम्ही लिहिलंय की "तळचे खडे मोजावेत" इतकं पाणी निवळ आहे. आठ फुटी ओढ्यात, निवळ पाण्यात, झाडांना एक पान नाही, सूर्य खाली आणि सावल्या लांब. तुम्ही दोरा सोडायच्या आधी माशाने तुम्हाला बघितलेलं असतं, हे मी पैजेवर सांगतो. दाताखाली दिलं तरी घाबरलेला मासा घेणार नाही.

तुम्ही वरून खाली चालत येता की खालून वर?

ओढेकरी

वरून खाली. पायवाट तशी आहे.

बकध्यानी

झालं!

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. वरून येणारा माणूस त्याच्या नजरेसमोर चालत येतो, शिवाय पायाने ढवळलेला गाळ त्याच्या तोंडावर सोडतो. खालून वर या, म्हणजे तुम्ही त्याच्या पाठीशी असता. काठावर उभे राहू नका, गुडघ्यावर बसा. पाण्यात उतरायची गरज नसेल तर उतरू नका. प्रत्येक डोहाशी आल्यावर काही न करता दोन मिनिटं नुसतं बघा. बगळा उगाच नाही उपाशी मरत.

अर्धा_अगस्ती

यावेळी विज्ञान तपासून आलोय. पाण्याखालून वर बघताना माशाला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं, कारण अपवर्तन. त्या शंकूचा कोन साधारण ९७ अंश. म्हणजे खिडकीचा व्यास खोलीच्या सव्वादोन पट. अर्धा मीटर खोल मासा सव्वा मीटरच्याही आतल्या गोलातून बघतो, मीटरभर खोल असलेला सव्वादोन मीटरच्या. म्हणजे जितका खोल तितकी खिडकी मोठी. बरोबर ना?

मृदगंधा

यावेळी पूर्ण गुण. फक्त एक भर: खिडकी लहान असो की मोठी, बाहेरचं सगळं क्षितिज तिच्यात कोंबलेलं असतं. कडेला असलेल्या वस्तू चपट्या आणि अंधुक दिसतात. म्हणून खाली वाकलेला माणूस त्या कडेच्या चपट्या पट्टीत हरवून जातो आणि उभा राहिलेला माणूस डोकं वर काढतो. बकध्यानींचं गुडघ्यावर बसणं त्यामुळेच कामाला येतं.

आणि बोलण्याबद्दल. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो, त्यामुळे काठावर गप्पा मारल्या तर माशाला फारसं कळत नाही. पण पाय आपटला, धोंडा सरकला, आधाराच्या काठीचं लोखंडी टोक दगडावर टेकवलं, तर ते कंपन थेट पाण्यात जातं आणि त्याच्या अंगावरच्या संवेदनरेषेला लगेच कळतं. गप्पा मारा, नाचू नका.

नुसतीच_वाचक

नवऱ्याला हा प्रतिसाद दाखवला. गेली सहा वर्षं मला ओढ्यावर "शूऽऽ" करतोय आणि स्वतः खिळ्यांचे बूट घालून धोंड्यांवर टणाटण उड्या मारतोय. धन्यवाद, मृदगंधाताई.

शेवाळलेला_धोंडा

अवांतर, पण बुटांचा विषय निघालाच आहे. फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळाचे बूट असतील तर ते पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यात नेऊ नका. त्यात ओल टिकते आणि ओलीबरोबर शेवाळ आणि रोग प्रवास करतात. डिडिमो नावाच्या शेवाळापायी न्यूझीलंडने २००८ मध्ये फेल्टच्या तळांवर बंदी घातली. आणि छातीपर्यंतचे वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घालत असाल तर कमरेला पट्टा आवळाच. या दिवसांत पाय घसरून आत पाणी गेलं तर मासा राहू द्या, श्वास सावरेपर्यंत तारे दिसतात. मी गुडघाभर पाण्यात पडलो होतो. गुडघाभर! दहा मिनिटांनी बोटांना दोऱ्याची गाठ मारता येईना, सरळ घरी गेलो.

मृदगंधा

पायांवरून आणखी एक. ब्राउन आणि ब्रुक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात, थंड पाण्यात ती महिनोन्‌महिने खड्यांखाली वाढतात. आत्ता कुठे पिल्लं खड्यांतून वर यायच्या बेतात असतात. रेनबो तर याच दिवसांत अंडी घालतो. डोहाच्या शेपटीला जिथे वाटाण्यापासून लिंबाएवढे खडे आहेत आणि एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा फिकट, धुतल्यासारखा दिसतोय, तिथे पाय ठेवू नका. एका पावलाखाली पुढच्या तीन वर्षांचे मासे जातील. तिथे जोडीने उभे दिसणारे मासेही सोडून द्या, त्यांच्यावर गळ टाकणं बरं नव्हे.

(ब्रुक ट्राउट हा खरं तर ट्राउट नाहीच, तो 'चार' (char) नावाच्या माशांच्या कुळातला. पण ती वेगळी भांडणं.)

तिरकस

कुळ निघालं! आता पत्रिका बघून मासा धरायचा.

गांडूळप्रेमी

ते सगळं राहू द्या. या दिवसांत मासा नेमकं खातो काय, ते कोणी सांगेल का? मला गांडुळाची बाजू मांडायला पुरावा हवा.

बकध्यानी

तुमच्याविरुद्ध पुरावा देतो. ओढ्यातला थाळीएवढा दगड उचला, खालची बाजू बघा, जपून परत तसाच ठेवा. आत्ता तिथे काय काय चिकटलेलं असतं: स्टोनफ्लायच्या दोन शेपट्यांच्या अळ्या, मेफ्लायच्या बहुधा तीन शेपट्यांच्या, आणि खड्यांचं घरकुल पाठीवर घेऊन फिरणाऱ्या कॅडिसच्या. ट्राउट ती घरकुलासकट गिळतो, पोटात खडे सापडतात ते त्यामुळे. तेव्हा धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: दगडाखाली जी दिसेल तिच्या मापाची आणि रंगाची निंफ. बहुतेकदा ती काळी किंवा तपकिरी आणि बारीक निघते, १४ ते १८ नंबर. (नवख्यांसाठी: गळाचा नंबर मोठा म्हणजे गळ लहान.)

या दिवसांत वर यायचीच तर दोन माश्या येतात. छोटी काळी स्टोनफ्लाय, जी पाण्यातून सरपटत काठाच्या दगडांवर चढते, कधीकधी चक्क बर्फावर चालताना दिसते. म्हणून काठालगतच्या दोन फुटांत तिची अळी वाहवून बघा. आणि दुसरी बेटिस, राखाडी पंखांची बारीक मेफ्लाय. ती लख्ख उन्हापेक्षा ढगाळ, दमट दुपारी जास्त निघते. त्या अर्ध्या-पाऊण तासात गारठलेला ओढा अचानक जागा होतो, पृष्ठभागावर वर्तुळं उठतात. तेव्हा तुमची उन्हाळी तरंगती माशी काढायला हरकत नाही.

पारा_चढला

म्हणजे ऊन हवं पाणी तापायला आणि ढग हवेत माश्या निघायला. बकध्यानी, निसर्गाला आधी ठरवू तरी द्या.

बकध्यानी

दोन दिवस ऊन, तिसऱ्या दिवशी दुपारी ढग. तेवढी रजा टाकायची.

रिकामी_टोपली

छोट्या ओढ्यासाठी काठीबद्दल कुणी बोललं नाही. बहुतेक जण सांगतील सहा-सात फुटी, झाडोऱ्यात फिरवता येते म्हणून. मी उलट गेलोय, टेंकारा. जपानी डोंगरी ओढ्यांवरची पद्धत: साडेतीन मीटर लांब, घडीची काठी, रीळ नाहीच, टोकालाच काठीएवढा दोरा. आत्ता झाडांना पानं नाहीत, त्यामुळे लांब काठी अडत नाही. फायदा असा की मधल्या जोरदार पट्ट्यावरून दोरा उचलून धरता येतो आणि पलीकडच्या संथ खिशात निंफ जागच्या जागी लोंबत राहते. वर लिहिलेल्या "रेंगाळत्या दोऱ्या"साठी याच्यासारखं दुसरं साधन माझ्या हाताला आलेलं नाही. उन्हाळ्यात पालवी फुटली की मी हीच काठी शिव्या देत फांद्यांतून सोडवत असतो, तेही कबूल.

तिरकस

रीळ नाही, म्हणजे मासा मोठा निघाला तर?

रिकामी_टोपली

माझं नाव परत वाचा.

ओढेकरी

मंडळी, जाऊन आलो. वृत्तांत.

थर्मामीटर घेतला. पारा_चढला यांच्या आज्ञेप्रमाणे अकराला निघालो. पोचलो तेव्हा पाणी ४.५ अंश. मासा नाही, अपेक्षाही नव्हती. दगड उचलून बघितले: काळ्या, सुपारीहून बारीक अळ्या, दोन शेपट्या. खालून वर चालायला लागलो आणि पहिल्याच डोहाशी बकध्यानींना मनातल्या मनात नमस्कार केला, कारण बसून बघितल्यावर दोन मिनिटांत मला चक्क एक मासा दिसला. याच डोहात मी तीन रविवार उभा होतो. तो खळाळात नव्हता, अगदी काठाला, धोंड्यामागच्या मऊ पाण्यात होता. त्याच धोंड्यावर मी डबा ठेवायचो.

त्याने घेतलं नाही. टंगस्टन झपकन खाली गेली ती त्याच्या डोक्यावरच. पळाला.

पावणेदोनला पाणी ७ अंश. चौथा डोह, कमरेएवढा, पलीकडच्या काठाखाली कपार. इथे फेकताना मागच्या झुडपात दोरा अडकला, ओढला, तर निंफ सुटून कपारीसमोर पडली आणि उरलेल्या दोऱ्याचा काठीभोवती मोठा गुंता झाला. शिव्या देत, खाली मान घालून गुंता सोडवत बसलो. मिनिटभर तरी निंफ तिथेच कुठेतरी संथ पाण्यात पडून होती. आणि गुंता हातातच हलला. मला वाटलं वारा. दुसऱ्यांदा हलला. काठी उचलली तर जड!

वीतभराहून थोडा मोठा ब्राउन ट्राउट. हात ओले करून, पाण्यातच गळ काढून सोडला. मोजला नाही, फोटो नाही, थरथरत होतो.

पाच निंफ तळाला गेल्या. एकूण मासे: एक. तोही माझ्या कौशल्याने नाही.

पारा_चढला

४.५ वरून ७. चढता पारा. माझं काम झालं.

बकध्यानी

गुंता सोडवताना तुम्ही खाली बसला होतात, मान खाली, मिनिटभर स्तब्ध. हेच तर सांगत होतो.

रिकामी_टोपली

नाही हो, निंफ संथ पाण्यात जागच्या जागी राहिली म्हणून. वाहवण्याचा वेग शून्य!

मृदगंधा

कपार, संथ पाणी, शेजारी प्रवाह. जागा बरोबर होती.

तिरकस

थोडक्यात, गुंता करा. मी हे "शून्य वेगाची स्तब्ध गुंतापद्धत" म्हणून नोंदवून ठेवतो.

अर्धा_अगस्ती

गुंत्याची घनता किती असते?

गांडूळप्रेमी

अभिनंदन, ओढेकरी. मनापासून. गांडूळ असतं तर दोन मिळाले असते.

ओढेकरी

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं: कालपासून पाऊस लागलाय. पाणी नक्की चढणार, गढूळ होणार. रविवारी जाऊ की नको?

शेवाळलेला_धोंडा

चढत्या पाण्यात नको. पाण्याबरोबर पाचोळा आणि काटक्या वाहत असतील तर काठालाही जाऊ नका. उतरायला लागलं, आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगावर आलं, गुडघाभर पाण्यात स्वतःचा बूट अंधुक दिसायला लागला, की जा. त्या पाण्यात मासे मधला जोर सोडून काठाच्या गवताला चिकटतात. जरा मोठी, गडद निंफ, काठापासून हातभर अंतरात. गढूळपणात तुम्हीही त्यांना कमी दिसाल.

गांडूळप्रेमी

गडद आणि जरा मोठं, काठापासून हातभर, पावसात वाहून आलेलं. या वर्णनाचा एक प्राणी माझ्या ओळखीचा आहे.

बकध्यानी

बरं. यावेळी गांडूळ. पण दातेरी गळ नको, आणि तुमच्या ओढ्यावर आमिष चालतं का ते आधी बघा.

ओढेकरी

बघितलं. चालत नाही. मोठी, गडद निंफ बांधायला बसलोय.